झिजलेल्या गिअरचा सत्कार

हेलिकॉप्टरचा वरचा पंखा फिरवणाऱ्या गिअरबॉक्समधला एक गिअर झिजला होता. झिजलेला गिअर बदलल्याशिवाय उड्डाण करायचं नाही, असा सगळ्याच तळांना वरून सक्तीचा हुकूम आला. स्टोअर माझ्या ताब्यात, त्यामुळे नवा गिअर मीच खोक्यातून काढला आणि त्याचा नंबर वहीत उतरवून मोठ्या साहेबांना दिला. “मी स्वतः उभा राहून बसवून घेतो,” साहेब म्हणाले. पाना कुठल्या बाजूनं धरतात हे या माणसाला आजवर कळलेलं नाही!

हुकूम सगळ्यांच्या आधी पाळला म्हणून आठवड्याभरात साहेबांचा सत्कार ठरला. लाकडी पाटावर बसवलेला लखलखीत गिअर मखमलीखालून बाहेर आला. खाली पितळी अक्षरं होती: ‘झिजला, म्हणून काढला.’ पहिली टाळी पायलटबाईंनी वाजवली. कार्यक्रम संपताच त्यांना दोन पेशंट आणायला निघायचं होतं.

फोटो उरकल्यावर मी ट्रॉफी पुसायला घेतली. गिअरच्या दातांवर एकही ओरखडा नव्हता आणि नंबर माझ्या वहीतला.

“साहेब, हा तर नवा गिअर!”

“हळू बोला, बाई. गिअरबॉक्स उघडण्यात दहा दिवस गेले असते, सत्कार दुसऱ्यानंच पटकावला असता. शिवाय फोटोत नवाच बरा दिसतो.”

“मग झिजलेला कुठाय?”

बाहेर पायलटबाईंनी पंखा सुरू केला होता.

“होता तिथंच. आतलं कोण बघतंय?”