बिनखांबी

"हा काळा ठिपका पुन्हा आलाच का?" बहिरूनानांनी नकाशावर बोट आपटलं.

दीपमालाने कपाळाला हात लावला. चौथा नकाशा! गंगापूर रोडवर नानांच्या नव्या घरासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर, एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन, ती चौथ्यांदा तेच सांगत होती. इंजिनिअर ती, पण तळघर कसं बांधायचं ते शिकवणार नाना, ज्यांचा जन्म शेवंती आणि कोथिंबीर लावण्यात गेला!

"नाना, तो ठिपका नाही, खांब आहे. वर दोन मजले आहेत तुमचे. ते काय हवेत लटकवू?"

"तुम्ही शिकलेल्या, तुमचं तुम्ही बघा. मला मधी खांब नको म्हंजे नको."

"अहो, पण का? दसऱ्याला झेंडूचा ढीग पडणार, सगळं घर माळा ओवायला बसणार, कळलं मला. एका खांबाने झेंडूचं काय अडतंय? टेकून बसा की त्याला!"

नानांचा थोरला मुलगा सावळीराम मागे उभा होता, तो गालातल्या गालात हसला. नाना हसले नाहीत.

"खांब नको तर बीम अडीच फुटांचा येईल," ती चिडून म्हणाली. "तो डोक्याला लागू नये म्हणून आणखी अडीच फूट खाली जावं लागेल. आणि खाली कातळ आहे."

"फोडू."

झालं! या माणसापुढे आता कुणी डोकं फोडायचं? तिने पेन पर्समध्ये कोंबलं. "मग दुसरा इंजिनिअर बघा, नाना. माझ्याच्याने नाही होणार."

नानांचा आवाज एकदम उतरला.

"ताई, आमचं जुनं घर सहा खणांचं. दोन खांबांमधली जागा म्हंजे एक खण. भावाचं नि माझं फाटलं, तवा खण मोजले. तीन त्याचे, तीन माझे. मधल्या खांबाला धरून भिंत घातली. आई भिंतीपल्याड वारली. रडणं ऐकू आलं, तवा मला कळलं. माझ्या दोन पोरांना मोजायला खणच नाय पाहिजेत."

दीपमालाने पेन पुन्हा बाहेर काढलं, सिमेंटच्या गोणीवर नकाशा पसरला आणि त्या काळ्या चौकोनावर काट मारली. उन्हाचा, कातळाचा, वाया गेलेल्या चार नकाशांचा राग होताच. पण हे आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला? तिला उगाचच भरून आलं, आणि त्याचाही राग आला.

ती स्कूटीकडे निघाली तसा सावळीराम मागोमाग आला. नानांना ऐकू जात नाही ना, ते त्याने वळून पाहिलं.

"मॅडम, खांब काढला ते बरं झालं. तो जरा माझ्या बाजूला सरकलेला होता. पुढं भिंत घालताना धाकट्याशी वादच झाला असता. आता कसं, बरोब्बर निम्म्यावर घेता येईल."

तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"काय म्हनतोय ओ थोरला?" नानांनी खड्ड्याच्या काठावरून ओरडून विचारलं.

तिने स्कूटीला किक मारली. "खांब काढला ते बरं झालं म्हणतात, नाना."

"बघा!" नानांचा चेहरा फुलला. "पोरालाबी पटलं."