शेजारणीकडची किल्ली

"पुलावरून गाड्या कधीपर्यंत जातील?" जिल्हाधिकारी मॅडमनी पुन्हा विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. वारा वाढला की पूल बंद करावाच लागेल," पोलीसप्रमुख म्हणाले. "किनारा रिकामा करायचा तर आदेश आत्ता द्या. नंतर देऊन उपयोग नाही."

हवामानवाल्याने पडद्यावरची नजर हटवली नाही. "उपग्रहाचं पुढचं चित्र येऊ दे, मॅडम. वादळ वळू शकतं. मागच्या वेळी वळलंच की."

मागच्या वेळचा विषय कोणी काढायला नको होता. अख्खा किनारा हलवला आणि वादळ समुद्रातच विरलं. शाळांच्या फरशीवर झोपून लोक घरी परतले, तर कित्येक घरांची कुलपं फुटलेली. तेव्हापासून गावभर मॅडमचं नाव 'पळाबाई' पडलं होतं. पुन्हा तसंच झालं, तर पुढच्या वेळी कोणी जागचं हलणार नव्हतं.

मॅडम खुर्चीत बसल्या, लगेच उठल्या, खिडकीशी गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर एक माणूस आरामात चादरी वाळत घालत होता. त्याच्या त्या आरामाचाच त्यांना राग आला.

फोन वाजला. आईचा होता.

"पोचले गं ताईकडे. इथं कसलं वादळ नि कसलं काय, पानसुद्धा हलत नाहीये. तुझ्यापायी उगाच पहाटे उठून निघाले."

"बरं झालं. आई, नंतर बोलू?"

"ऐक तर. निघताना शेजारीण फाटकाशी भेटली. तू म्हणालीस कोणाला बोलू नकोस, म्हणून मी आपली थाप मारली, लग्नाला चाललेय म्हणून."

मॅडमचा आवाज खाली आला. "मग?"

"मग काय, गुणाची पोर ती. किल्लीच मागून घेतली. म्हणाली, मागच्या वेळी केवढ्या चोऱ्या झाल्या, घर रिकामं नको. आज रात्री मुलांना घेऊन आपल्याकडेच झोपणार आहे."

मॅडमनी फोन ठेवला. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"चित्र येतंच आहे," हवामानवाला म्हणाला.

"येऊ दे. किनारा रिकामा करा."

"आणि वळलं तर?"

"तर वळू दे." त्या पोलीसप्रमुखांकडे वळल्या. "पहिली बस माझ्या आईच्या गल्लीत पाठवा. अगदी समुद्रालगत आहे ती."

पोलीसप्रमुख चपापले. "आई अजून तिथंच आहेत?"

"नाही," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तिला मी पहाटेच काढलं."