देव्हाऱ्यातला दात

मंगळवारी सकाळी सव्वादहाला उंब्रजच्या भामाबाईंनी देव्हाऱ्यातला दगड स्वतःच्या हाताने खाली काढला. सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या संयोगिताबाईंनी तेलाचा बोळा घेऊन त्यावरचा शेंदूर पुसायला सुरुवात केली. शेजारच्या अंकिताने वर्गात या दगडाचा फोटो दाखवला, म्हणून त्या आल्या होत्या.

थरामागून थर निघाले. आत दात होता. त्रिकोणी, करवतीसारख्या कडा, खाली दोन मुळं.

"मावशी, हा देवमाशाचा. स्क्वालोडॉन म्हणतात. त्याची सगळी जातच संपली, माणूस यायच्या कितीतरी आधी."

"दात हुता व्हय? तरीच निवद संपायचा. आमी उंदरावर आळ घ्यायचो."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "पण सापडला कुठं ते कळायला हवं. त्याशिवाय नुसता दात काही सांगत नाही."

जागा एकट्या जयराजला ठाऊक. भामाबाईंचा मुलगा. फौजेत असताना कच्छमधून सुट्टीवर येताना त्यानेच तो आणला होता. पुढे नोकरी सुटली, तो तिकडेच राहिला. वडिलांच्या तेराव्यालाही आला नाही. आईचा नंबर दिसला की उचलत नाही.

बाईंनी त्याचा नंबर आपल्या फोनवरून लावला. स्पीकर सुरू केला.

"हॅलो, कोन?"

भामाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि हातानेच खुणावलं : मी आहे म्हणून सांगू नका.

दाताचं नाव निघताच जयराज मोकळा झाला. "चौकीच्या मागं वढा हाय बघा. पिवळ्या दरडीत शिंपलं लय. तितंच घावला." मग त्याने विचारलं, "तुमाला कुठं मिळाला?"

"तुमच्या घरी. देव्हाऱ्यात होता."

पलीकडून ट्रक गेल्याचा आवाज आला.

"शेंदूर फासला असंल तिनं," तो म्हणाला. फोन बंद झाला.

भामाबाईंनी तोंडावरचा पदर काढला. "आवाज जड झालाय. बापासारखा." मग त्यांनी दात फडक्यात गुंडाळून बाईंच्या हातात दिला.

"न्या. फकस्त जागा नीट उमगली न्हाई म्हनावं त्याला. परत इचारा."

दात सांगलीला गेला. बुधवारी दुपारी बाईंनी जयराजचा नंबर पुन्हा लावला. रिंग पूर्ण गेली, त्याने उचलला नाही. रिंग चालू असतानाच बाईंच्या फोनवर दुसरा कॉल येत होता. तो उंब्रजहून भामाबाईंचा होता.