पंपाच्या खोलीतली दुपार

"दाजी, पुन्यांदा ताईवर हात टाकलात, तर मनस्वीला मी उरनला नेईन. मंग बाप म्हनून तोंड दाखवाचा नाय!"

प्रीतमने मेहुण्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटले. रूपेशने प्रतिकार केला नाही. भावाच्या मागे निशिगंधा काळानिळा डोळा ओढणीने झाकून उभी होती. आपण पत्नीला केव्हा मारले, हे रूपेशला स्मरत नव्हते. पण स्मरत तरी काय होते? गॅसवरचे दूध, लेकीची फी, कार्यालयातली मीटिंग, सारेच त्याच्या चित्तातून निसटून जाई. डॉक्टरांनी अवधानदोष सांगितला होता. जोडीला अर्धशिशी. ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात, असेही ते म्हणाले होते. तेव्हापासून निशिगंधा सांगेल ते तो खरे मानी; डोके उठले की तो भान हरपून तिला मारतो, हेसुद्धा.

शनिवारी दुपारी त्याच्या डोळ्यांपुढे वीज नाचू लागली. मग कवटीत कुणीतरी घण घालू लागले. मनस्वी नृत्याच्या क्लासला गेली होती, निशिगंधा न्हाणीघरात होती. रूपेशने झोपायच्या खोलीचे दार बाहेरून ओढून घेतले आणि कुणालाही न सांगता तो जिना उतरला.

"बाबासो, मला पंपाच्या खोलीत कोंडा," तो वॉचमनला म्हणाला. "आतून कितीही लाथा मारल्या तरी उघडू नका."

"साहेब, येड लागलं का? सेक्रेटरी माझी नोकरी खाईल."

"अहो, माझी पोर जाईल हो!"

बाबासोने कडी घातली.

आत रूपेश भडाभडा ओकला. वेदनेच्या भरात त्याने भिंतीवर मुठी आपटल्या, कपाळ फोडून घेतले. रक्त ओघळून ओठांत आले. तरीही त्याला समाधान वाटले. हे रक्त त्याचे स्वतःचे होते, निशिगंधाचे नव्हते.

ठणका ओसरल्यावर बाबासोने त्याला बाहेर काढले. तो वर गेला आणि डोक्याला आवाज सोसवेना म्हणून त्याने किल्लीने दार अगदी हलकेच उघडले.

दिवाणखान्यात प्रीतम उजव्या मुठीला रुमाल गुंडाळत होता.

"त्यो आत निजलाय ना?"

"निजलाय. उठाच्या आदी आटप." निशिगंधाने डोळे मिटून चेहरा पुढे केला. "आन या टायमाला डोल्यावर नको, व्हटावर मार."