मुकीच्या तोंडातला बोळा

नळकांडं तसूभरही फिरेना तेव्हा आर्वोने त्याच्या आट्यांवर पुन्हा तेल सोडलं आणि सुलोला फैलावर घेतलं.

बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात अडकवलेली ती बंदूक गावच्या शिकार मंडळाची होती. आखूड, जुनी, आणि नळीच्या तोंडावर आवाज गिळणारं नळकांडं आट्यांनी बसवलेली. सगळे तिला मुकी म्हणत. ती शिकारीला कधी नेत नसत. ती होती म्हाताऱ्या, थकल्या कुत्र्यांसाठी. ज्याचा कुत्रा त्यानेच मुकी घेऊन त्याला जंगलात न्यायचं. दुसऱ्यावर ढकलायचं नाही, आणि शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेणाऱ्याला तर सौनात, गावच्या वाफेच्या न्हाणीत, शेजारी कुणी बसू दिलं नसतं. परतल्यावर बंदूक साफ करायची, आपल्या घरातल्या कापडाचा तेलकट बोळा तिच्या तोंडात कोंबायचा आणि कॉफीच्या पुड्यासह ती सांभाळणाऱ्या आर्वोच्या हवाली करायची. कुणी काही विचारत नसे. आणणाराच म्हणायचा, "एकाच गोळीत." झालं, विषय संपला.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुलोनेही आपल्या येरी कुत्र्यासाठी मुकी नेली होती आणि तेच म्हटलं होतं.

आज हिल्काची पाळी होती. मूस या थोराड हरणाच्या लाथेने तिच्या तेसू कुत्रीची कंबर मोडली होती. बाहेर गाडीत, मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ती पडली होती आणि हिल्का शेगडीजवळ टोपीसुद्धा न काढता उभी होती. गावाने पाळलेली रीत मोडायची नाही एवढंच तिला कळत होतं. तेसूला दुखू नये, एवढंच तिला हवं होतं.

"आत काजळीचा दगड झालाय," आर्वो म्हणाला. "गोळी त्याला घासली तर कुठे जाईल सांगता येत नाही. झाडलीस आणि तशीच आणून ठेवलीस, काय रे? कापडाचा बोळासुद्धा बघ, डांबर झालंय त्याचं. अशी बंदूक माणसाने परत करायची?"

सुलोने मान खाली घातली. "चुकलं," तो म्हणाला.

आर्वोला तेवढ्याने समाधान नव्हतं. हत्याराची लाज न राखणाऱ्याने कुत्रा पाळू नये, असंही तो बोलला. हिल्कासमोर बोलला. सुलोचे कान लाल झाले.

तापवल्यावर, लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकल्यावर आटे एकदाचे सुटले. नळकांडं कुरकुरत निघालं आणि काळ्या खपल्या बाकावर पडल्या. तोंडातला बोळा आर्वोने चिमट्याने ओढून काढला. वरून तो कडक, काळा झाला होता. आतली घडी मात्र तेलाने जशीच्या तशी राखली होती. निळं कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं.

आर्वोच्याच बायकोच्या ॲप्रनचं कापड होतं ते.

आर्वो बघतच राहिला. बोळा त्याचा होता, म्हणजे त्याच्या मुस्ती कुत्र्याच्या वेळचा. त्यानंतर तो कुणी काढलाच नव्हता. सुलोने बंदूक नेली होती, पण झाडली नव्हती. आणि ही सगळी काजळी आर्वोची स्वतःची होती. त्या दिवशी घरी आल्यावर त्याला मुकी साफ करायचं धाडस झालं नव्हतं. बोळा कोंबून त्याने ती कपाटात उभी केली होती. सुलोने परत आणली तेव्हाही त्याने तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

त्याने वर पाहिलं. सुलोनेही ते कापड पाहिलं होतं.

"सुलो," हिल्का म्हणाली, "माझ्याने नेम धरवणार नाही. तुला जमलं होतं ना एका गोळीत? तूच चल माझ्याबरोबर."

शेगडीचं दार उघडंच होतं. बोळा आत टाकला असता तर भुर्रकन जळून गेला असता आणि सुलोने सगळा दोष निमूटपणे पोटात घातला असता. आर्वोच्या मनात ते आलं, आणि आलं म्हणून त्याला आणखी लाज वाटली. त्याने कापड उलगडून हिल्कापुढे बाकावर ठेवलं.

"घाण माझी आहे," तो म्हणाला. "मुस्तीच्या वेळची. याला उगाच बोललो मी."

हिल्काने ते ॲप्रन ओळखलं. मग तिने सुलोकडे पाहिलं. सुलोला आता दडायला जागा उरली नव्हती.

"येरीला मी शहरात डॉक्टरकडे नेलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जंगलात नेलं होतं आधी. बर्फात नुसते बसून राहिलो आम्ही. मला नाही जमलं."

"डॉक्टरने काय केलं?"

"सुई दिली. माझ्या मांडीवर झोपला तो."

बाहेर गाडीत तेसू एकदा बारीक कण्हली. हिल्काने खिशातून चावी काढून सुलोच्या हातात दिली. "तू चालव. मी मागे बसते तिच्यापाशी."

सुलो बाहेर गेला. त्याच्यामागे निघालेली हिल्का दारात थांबली. ब्रश शेजारीच पडला होता, तरी आर्वो खपल्या हाताने गोळा करत होता.

"आणि मुस्ती?" तिने विचारलं. "एका गोळीत नाही?"

"नाही," आर्वो म्हणाला. "पहिली लागल्यावर तो माझ्याकडेच धावत आला. मी वाचवीन म्हणून."