थर्माकोलचं दार

"घसा ओला करा गं, आवाज चिरकेल," नाट्यमंडळाच्या वाळिंबे बाईंनी बाटली पुढे केली. आम्ही सातजणींनी नुसते ओठ ओले केले. आमच्या शाळेत मुली पाणी पीत नाहीत. मुलींच्या संडासाला कायम कुलूप आणि किल्ली ऑफिसात. "तुम्ही घाण करता," असं शिपाईमामा सांगतात.

तालुक्याची स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये होती. नाटिकेचं नाव 'स्वच्छ शाळा, सुखी मुली'. शेवटी संडासाच्या दारातून मी हसत बाहेर येते. थर्माकोलच्या त्या दाराला बाईंनी झेंडूची माळसुद्धा लावली होती. परीक्षकबाईंनी डोळे पुसले आणि पहिला नंबर आम्हाला दिला.

मग परीक्षकबाईंना बाथरूमला जायचं होतं. लगेच कुलूप निघालं. आत नवा साबण, बाहेर कोरा टॉवेल धरून मी. आतून फिनेलचा वास.

"नशीबवान आहात गं मुलींनो!" हात पुसत त्या म्हणाल्या. त्या गेल्या आणि कुलूप परत लागलं.

आम्ही नेहमीसारख्या मागच्या भिंतीआड गेलो. तिथे गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि आमचाच कालचा वास. आज मात्र नाटकातलं दार सोबत नेलं. दोघींनी धरायचं, एकीनं बसायचं.

माळ अजून ताजी होती.