खडूचं दार

"विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही," भूगोलाच्या निवृत्त सरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं. "तिथंच खुर्चीत बसायचं, डुलकी काढायची आणि पुढच्या विमानात चढायचं. विषय संपला."

"संपला कसा? आत्ता कुठं सुरू झालाय," शेंगा सोलता सोलता बायको म्हणाली.

लेक परदेशात बाळंत झाली होती. तिच्याकडे जाताना वाटेत विमान बदलायचं होतं, आणि जावयानं तिकीट काढताना मधे मुद्दाम एक अख्खा दिवस मोकळा ठेवला होता. शहरही नेमकं तेच निवडलं होतं. नदी समुद्राला मिळते तिथलं ते अवाढव्य बंदर. सरांनी ते जन्मभर शिकवलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांच्या शाळेला सहल परवडत नसे. म्हणून शनिवारचा शेवटचा तास सहलीचा. सर फळ्यावर नकाशा काढत, पोरं बाकं जोडून बोट करत आणि वर्ग निघे. जायचं कुठंही असो, वाटेत या बंदरात थोडा वेळ उतरायचंच, हा शिरस्ता. काय बघायचं, कुठल्या रस्त्यानं जायचं, कधी परतायचं, सगळा बेत मुलांनीच आखायचा. घंटा झाली की सर वर्गाच्या दारात उभे राहून विचारत, "सगळे आलात का? कुणी मागं राहिलं नाही ना?" आणि छप्पर उडेल अशा आवाजात वर्ग ओरडे, "नाही, सर!"

एका वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगी होती. जरा काही झालं की डोळ्यांना धार. वर्गानं तिचं नावच मुळूमुळू ठेवलं होतं. बोट बंदराला लागली आणि ही रडायला लागली. "मी हरवले तर?"

सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि धक्क्याच्या वळणावर एक निळं दार काढलं. "जो हरवेल त्यानं इथं येऊन थांबायचं. आत एक मावशी असते. ती चहा देते. मी न्यायला येतो."

रंगवता रंगवता निळा खडू संपला. खालची फळी पांढऱ्यानं भरावी लागली. "मावशीचा रंग संपला!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मुळूमुळू रडता रडता हसली. तेव्हापासून दर शनिवारी दार तसंच हवं. वर निळं, खाली पांढरं. सरांनी विसरून पूर्ण निळं काढलं तर ती स्वतः उठून खालचा रंग पुसायची.

"सकाळी उतरायचं," बायको बोटांवर मोजत बेत सांगू लागली. "सामान तिथंच ठेवायचं. नदीतल्या बोटीनं धक्क्यापर्यंत जायचं. तुमच्या त्या वळणावर जरा बसायचं, अंधार पडायच्या आत परत. वर्गच्या वर्ग हिंडवून आणलेत तुम्ही. माझ्या वाट्याला काय आलं, तर खडूनं माखलेले सदरे!"

"तुझे गुडघे..."

"गुडघ्यांना मधे घालू नका. ते माझे आहेत, येतील माझ्यामागं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं, त्या वळणावर दार नाहीये."

"ठाऊक आहे मला. इतकी काही भोळी नाही मी."

"तिथं भिंत असेल. नाहीतर मोटारी लावायची जागा. ती एकदा बघितली की माझ्या डोक्यातलं दार पुसलं जाईल, फळा पुसावा तसं. त्या शनिवारांचं माझ्याकडं तेवढंच उरलंय गं."

बायकोनं शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि हात पुसले. "मग तुम्ही बघू नका. मी बघते."

मोबाइलवर जगातला कुठलाही रस्ता कसा बघायचा, हे लेकीनं तिला शिकवून ठेवलं होतं. सर पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले.

"नदी आली," बायको म्हणाली. "धक्का आला. वळण कुठल्या हाताला?"

"डाव्या," सरांना राहवलं नाही.

बायकोचं बोट काचेवर सरकत सरकत एका जागी थांबलं.

"भिंत आहे ना?"

"अहो, इकडं या."

"नको म्हटलं ना."

"या म्हणते ना!"

दोन करड्या गोदामांच्या मधे चिंचोळं चहाचं दुकान होतं. दुकानाचं दार निळं होतं. खालची फळी पांढरी.

सर मटकन खुर्चीत बसले. बायकोनं दुकानाच्या चित्राखालच्या फोनच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मोबाइल त्यांच्या कानाला लावला. पलीकडून एक बाई भराभरा काहीतरी म्हणाली. सरांना त्या शहराची लोकसंख्या, हवामान, आयात-निर्यात सगळं तोंडपाठ होतं. तिथल्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. सवयीनं त्यांच्या तोंडातून निघालं ते शनिवारचंच.

"सगळे आलात का? कुणी मागं राहिलं नाही ना?"

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी मुळूमुळू रडायला लागलं.

"मी राहिलेय, सर. दारातच आहे. न्यायला येताय ना?"